जुना मॉनिटर सकाळी लुकलुकतो

प्रश्न : आमच्या गावच्या वाचनालयाला देणगीदाखल मिळालेला १७ इंची जुना एलसीडी मॉनिटर आहे. पुस्तकांच्या नोंदी आणि वर्गणीचा हिशेब आम्ही त्यावरच ठेवतो. पावसाळा लागल्यापासून सकाळी चालू केल्यावर पडदा लुकलुकतो, मध्येच काळा पडतो. बटणाचा हिरवा दिवा मात्र पेटलेला असतो. पंधरा-वीस मिनिटांनी चित्र स्थिरावते. केबल बदलूनही फरक पडला नाही. दुकानदार म्हणतात, नवाच घ्या. दुरुस्ती होण्यासारखी आहे का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : बहुधा आहे, आणि नव्या मॉनिटरच्या मानाने खर्चही थोडाच येईल. मॉनिटर तापल्यावर चित्र स्थिरावते, हा आपण दिलेला तपशील सर्वांत मोलाचा आहे, कारण पॉवर बोर्डवरील (आतल्या वीजपुरवठ्याच्या पट्टीवरील) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून दाब स्थिर ठेवणारे छोटे भाग, क्षीण झाल्याची ती ओळखीची खूण आहे. या कपॅसिटरमधील द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो आणि थंड असताना तो अधिकच जाणवतो. त्यामुळे पडद्यामागच्या दिव्यांना मिळणारा वीजदाब डळमळतो आणि संरक्षक सर्किट दिवे बंद करते. म्हणजे दोष पावसाने निर्माण केलेला नाही. मे महिन्याच्या उकाड्यात तो झाकला गेला होता, एवढेच.

तरीही दुरुस्तीला नेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. मॉनिटर चालू ठेवून संगणकाकडून येणारी केबल काढावी. ‘नो सिग्नल’ अशा अर्थाची जी सूचना पडद्यावर उमटते, तीही लुकलुकत असेल तर संगणकाला दोष देण्याचे कारण उरत नाही. पडदा काळा पडेल तेव्हा खोलीत अंधार करून त्यावर तिरपा टॉर्च धरावा. चिन्हे किंवा अक्षरे पुसटशी दिसली, तर चित्र तयार होत आहे, फक्त मागचा दिवा विझला आहे, असे समजावे. रिफ्रेश रेट (पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा) ७५ किंवा ८५ हर्ट्झ करण्याचा जुना सल्ला कोणी दिल्यास तो पाळू नये. तो काचेच्या नळीच्या सीआरटी मॉनिटरसाठी होता, आपल्या एलसीडीला ६० हर्ट्झ योग्य आहे.

मॉनिटर स्वतः उघडू नये, हे मी आग्रहाने सांगतो. प्लग काढल्यानंतरही बोर्डवरील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो, आणि चालू असताना दिव्यांकडे जाणारा दाब तर त्याहूनही बराच जास्त असतो. फोंडा किंवा म्हापसा येथे टीव्हीचे बोर्ड दुरुस्त करणारा जाणकार कारागीर हे काम सहज करील. त्याला स्पष्ट सांगावे की माथा फुगलेलेच नव्हे, तर त्याच भागातील वरून ठीक दिसणारे कपॅसिटरही बदलावेत. नवे १०५ अंश सेल्सिअसचे, लो ईएसआर (कमी अंतर्गत रोधाच्या) प्रकारचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे (म्हणजे तेवढ्याच क्षमतेचे) आणि मूळच्या इतक्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचे असावेत. बोर्ड उघडलाच आहे तर झाळ सुटलेले सांधे आणि खाऱ्या, दमट हवेने गंजलेल्या पिनाही त्याच वेळी पाहून घेता येतील.

कपॅसिटर बदलूनही पडदा सुरुवातीला लालसर दिसत असेल आणि एक-दोन सेकंदांत विझत असेल, तर मात्र आतील दिव्याच्या नळ्याच संपल्या असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी आणखी पैसे घालू नयेत. वाचनालयाचा निधी पुस्तकांसाठी राखलेला बरा. या जुन्या नळ्यांमध्ये पारा असतो, म्हणून मॉनिटर भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच सोपवावा.