चांदोरचं ब्रागांझांचं घर बघायला मुद्दाम जावं का?

तुम्ही विचारलंय की गोव्यात एकच दिवस हाताशी आहे, तर चांदोर गावातलं ब्रागांझा कुटुंबाचं जुनं घर बघायला मडगावहून मुद्दाम जावं का, आणि घरात माणसं राहतात तर आत घेतात का.

जावं, आणि घेतात. मी दोनदा गेलेय.

पहिल्या वेळी मीही सगळ्यांसारखी झुंबरं, चिनी मातीची भांडी आणि शिसवी खुर्च्या बघून अर्ध्या तासात बाहेर आले. दुसऱ्या वेळी आई बरोबर होती. तिचं माहेर वाईचं, वाडा भावाभावांत वाटला गेलेला. जिना चढून गेल्यावर दोन बाजूंना दोन बिऱ्हाडं दिसली तशी ती लगेच म्हणाली, "म्हणजे इथंही वाटणी झालीय." आणि तसंच आहे. पूर्वेचा भाग ब्रागांझा परेरांचा, पश्चिमेचा मिनेझिस ब्रागांझांचा. बाहेरून मात्र चर्चच्या चौकाची एक अख्खी बाजू व्यापणारं, ओळीनं 24 खिडक्यांचं एकच लांबलचक घर दिसतं.

पूर्वेकडे नाचाचं मोठं दालन आहे. पोर्तुगालचा राजा दों लुईश यानं दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्या तिथं आहेत. घरच्या देवघरात, म्हणजे त्यांच्या कपेलात, सेंट फ्रान्सिस झेवियरचं म्हणून एक नख जपलेलं आहे.

पण तुमचा वेळ राखून ठेवा तो पश्चिमेकडच्या पुस्तकांसाठी. सुमारे 5000 पुस्तकं आहेत. ती जमवणारे लुईश द मिनेझिस ब्रागांझा 1878 साली याच गावात जन्मले. 1900 मध्ये सुरू झालेल्या 'ओ हेराल्दो' या गोव्यातल्या पहिल्या पोर्तुगीज दैनिकाच्या संस्थापकांपैकी ते एक. तेच पत्र 1983 पासून इंग्रजीत निघतं. आणि 4 जुलै 1930 ला, पोर्तुगालचा पुढे हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध, पणजीच्या कौन्सिलात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव त्यांनी मांडला. ज्या राजवटीत या घराला हे वैभव आलं, तिच्याच विरुद्ध याच घरातला माणूस उभा राहिला! हे कळल्यावर मला त्या कपाटांसमोरून हलवेना. पणजीला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा हे नाव वाचलं असेल, ते यांचंच.

आता व्यवहाराचं. सरकारी संग्रहालयासारखी तिकीटखिडकी नाही. दार वाजवायचं, घरचं कुणीतरी येऊन दाखवतं. दोन्ही बाजूंना देणगी वेगवेगळी द्यावी लागते, आणि कृपा करून हात आखडता घेऊ नका. एवढ्या जुन्या घराचा दर पावसाळ्यात किती खर्च निघतो, ते आमच्या आईकडून ऐकलंय मी. माझ्या डोळ्यांदेखत एका पाहुण्यानं "दोनदा कशाला?" म्हणून वाद घातला, तेव्हा आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. फोटो विचारूनच काढा. रविवारची सकाळ टाळा, समोरच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना असते.

आणि तिथून तसंच परत फिरू नका. चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. गावातच जुन्या शिवमंदिराच्या जागी एक मस्तक तुटलेला दगडी नंदी आहे. कुणालाही विचारा, वाट दाखवतील.