गुरांच्या पोटातील जंतांवर लस का निघत नाही?

लाळ्या-खुरकूत, फऱ्या अशा रोगांवर लशी मिळतात, मग पोटातील जंतांसाठी गुरांना पुन्हा पुन्हा औषधच का पाजावे लागते आणि या जंतांवर लस निघण्याची शक्यता कितपत आहे, असे आपण विचारले आहे. मी पशुवैद्यकीय परजीवीशास्त्राचा अभ्यासक आहे आणि हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. संरक्षण देणारी काही प्रथिने सापडलेली आहेत आणि ती टोचल्याने जंत आटोक्यात येतात हेही प्रयोगांत दिसले आहे. घोडे अडले आहे ते ही प्रथिने जंताच्या शरीराबाहेर जशीच्या तशी आणि परवडेल अशा खर्चात तयार करण्यापाशी.

गुरांच्या पोटातील जंतांमध्ये सर्वांत त्रासदायक मानला जातो तो ओस्टरटॅजिया. त्याची अंडी शेणातून बाहेर पडतात, शेणातच अळ्या वाढतात आणि तिसऱ्या अवस्थेतील अळी गवतावर चढून चरणाऱ्या जनावराच्या पोटात जाते. तिथे ती जठराच्या चौथ्या कप्प्यातील ग्रंथींमध्ये शिरते आणि सुमारे तीन आठवड्यांनी प्रौढ होऊन बाहेर येते. या काळात आम्ल तयार करणाऱ्या पेशी नष्ट होतात, जठरातील सामू (आम्लता मोजण्याचा अंक; तो जितका वाढेल तितकी आम्लता कमी) दोनच्या आसपास असतो तो सातपर्यंत चढू शकतो, प्रथिनांचे पचन बिघडते आणि वासरू हगवणीने खंगत जाते. लक्षणे दिसत नसली तरी भूक मंदावते व वाढ खुंटते. त्याच कप्प्यात राहणारा हिमॉन्कस हा जंत रक्त शोषतो, तर कूपेरिया लहान आतड्यात राहतो. लशीचा विचार करताना या तिघांच्या राहणीतील हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

लाळ्या-खुरकुतीसारख्या रोगाच्या विषाणूमध्ये मोजकी प्रथिने असतात, जंतात मात्र हजारो. हिमॉन्कसचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात वीस हजारांच्या आसपास जनुके असल्याचे दिसले. एवढ्या प्रथिनांतून नेमकी कोणती उपयोगाची, हे शोधणे मुळातच कष्टाचे आहे. शिवाय जंत हा जनावराच्या शरीरात महिनोन्महिने तग धरून राहणारा जीव असल्याने यजमानाची, म्हणजे ज्याच्या शरीरात तो राहतो त्या जनावराची, प्रतिकारयंत्रणा सौम्य करण्याची साधने त्याच्यापाशी असतात. ओस्टरटॅजियाविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती येते, पण फार सावकाश. वासरांना त्यासाठी बहुधा एकाहून अधिक चराईचे हंगाम लागतात. तीही आधी मादीची अंडी घालण्याची क्षमता कमी करते, मग जंतांची वाढ खुंटवते आणि नव्या अळ्यांना थारा न देण्याची पायरी सर्वांत शेवटी येते.

जंतांविरुद्ध लस होऊच शकत नाही, असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नये. गुरांच्या फुप्फुसातील जंतावर ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी १९५० च्या दशकात लस तयार केली आणि १९५९ मध्ये ती ब्रिटनमध्ये बाजारात आली. क्ष-किरणांनी दुबळ्या केलेल्या जिवंत अळ्या चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा तोंडावाटे दिल्या जातात. त्या शरीरात शिरून प्रतिकारशक्ती जागी करतात, पण पुरत्या वाढू शकत नाहीत. हीच युक्ती हिमॉन्कसवर करून पाहिली तेव्हा मोठ्या मेंढ्यांना संरक्षण मिळाले, पण जिथे लशीची खरी गरज असते त्या कोवळ्या कोकरांमध्ये ती फसली.

पुढचा मार्ग स्कॉटलंडमधील मोरडन संशोधन संस्थेने दाखवला. हिमॉन्कस रक्त पितो, म्हणजे यजमानाच्या रक्तातील प्रतिपिंडेही (परक्या घटकांना ओळखून चिकटणारी संरक्षक प्रथिने) पितो. त्याच्या आतड्याच्या आतील आवरणावर अशी प्रथिने असतात, जी एरवी यजमानाच्या प्रतिकारयंत्रणेच्या नजरेस कधी पडतच नाहीत. ती प्रथिने टोचून प्रतिपिंडे तयार करवली, तर जंत रक्ताबरोबर ती प्रतिपिंडे गिळतो, त्याचे पचन बिघडते आणि तो उपाशी मरतो. या तत्त्वावरील बार्बरव्हॅक्स ही मेंढ्यांसाठीची लस २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात उपलब्ध झाली. तिच्या एका मात्रेत काही मायक्रोग्रॅम प्रथिन पुरते, पण ते मिळवण्यासाठी मेंढ्यांना मुद्दाम जंतांची बाधा करून, कत्तलीनंतर त्यांच्या पोटातून प्रौढ जंत गोळा करावे लागतात. दुसरी अडचण अशी की, ही प्रथिने नैसर्गिक बाधेच्या वेळी यजमानाला दिसतच नसल्याने चरताना प्रतिकारशक्तीला उजाळा मिळत नाही आणि हंगामात दर सहा आठवड्यांनी पुढची मात्रा द्यावी लागते. याच प्रथिनांनी वासरांनाही हिमॉन्कसपासून संरक्षण मिळते, असे ब्राझीलमधील प्रयोगात दिसले आहे. ओस्टरटॅजियावर मात्र या मार्गाची भिस्त ठेवता येत नाही, कारण तो हिमॉन्कससारखा रक्तावर जगत नाही आणि त्याच्या आतड्यापर्यंत पुरेशी प्रतिपिंडे पोहोचत नाहीत.

म्हणून बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी जंत स्वतः बाहेर सोडतो त्या स्रावांकडे लक्ष वळवले. ओस्टरटॅजियाच्या स्रावातील एका प्रथिनकुळाची लस वासरांना टोचल्यावर शेणातील अंड्यांचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. कूपेरियाच्या तशाच प्रथिनाने तर अंड्यांचे एकूण प्रमाण सुमारे ९० टक्क्यांनी खाली आले. माझ्या मते गुरांच्या जंतांवरील लससंशोधनातील हे सर्वांत आशादायक निष्कर्ष आहेत, कारण ही प्रथिने नैसर्गिक बाधेतही यजमानासमोर येतात आणि त्यामुळे कुरणातील अळ्यांकडूनच प्रतिकारशक्तीला उजाळा मिळण्याची आशा ठेवता येते.

इथवर वापरलेले प्रथिन प्रत्यक्ष जंतापासून काढलेले होते. कोट्यवधी गुरांसाठी असे प्रथिन गोळा करणे अशक्य आहे. ते जिवाणू, किण्व (यीस्ट) किंवा कीटकांच्या पेशींकडून करवून घेणे हाच व्यवहार्य उपाय. तसे केल्यावर प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम तोच असतो, वासराच्या शरीरात त्याविरुद्ध भरपूर प्रतिपिंडेही तयार होतात, पण संरक्षण मिळत नाही. गेल्या काही दशकांत हा अनुभव इतक्या वेळा आला आहे की, या क्षेत्रातील मुख्य कोडे तेच म्हणावे लागेल. प्रथिनाची घडी नीट न बसणे हे त्याचे एक कारण असू शकते. दुसरे असे की, जंत आपल्या प्रथिनांवर विशिष्ट रचनेच्या शर्करा जोडतो आणि किण्व त्यांच्या जागी स्वतःच्या पद्धतीच्या शर्करा बसवते. केवळ शर्करांनीही हे कोडे सुटत नाही. हिमॉन्कसचे एक आतड्यातील प्रथिन सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स या प्रयोगशाळेतील निरुपद्रवी सूत्रकृमीकडून तयार करवले, त्यावर बहुतांश जंतासारख्याच शर्करा होत्या, आणि तरीही मेंढ्यांना संरक्षण मिळाले नाही. सध्या तंबाखूच्या कुळातील एका वनस्पतीच्या शर्करा जोडण्याच्या यंत्रणेत बदल करून तिच्या पानांत जंताची प्रथिने तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि मला ही दिशा योग्य वाटते.

इथे आपण विचाराल की, पट्टकृमींवर प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनाची लस कशी चालते? पट्टकृमीच्या अळीमुळे मेंढ्यांच्या अवयवांत पाण्याच्या गाठी होतात त्या हायडॅटिड रोगावरील ईजी-९५ ही लस जिवाणूंमध्ये तयार केलेल्या प्रथिनाची आहे आणि प्रयोगांत तिने ९५ टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले आहे. तिथे लक्ष्य असते ते नुकती अंड्यातून बाहेर पडून ऊतींमध्ये शिरू पाहणारी इवलीशी अळी आणि प्रतिपिंडे तिला तेव्हाच गाठून मारतात. जठराच्या पोकळीत राहणाऱ्या ओस्टरटॅजियासारख्या प्रौढ गोलकृमीला गाठणे तितके सोपे नाही.

लशीकडून अपेक्षा काय ठेवावी, याबाबतही एक गैरसमज आढळतो. चांगले जंतनाशक ९५ टक्क्यांहून अधिक जंत पाडते, म्हणून ६०-७० टक्के परिणाम देणारी लस कुचकामी वाटते. पण औषधाचा परिणाम ओसरल्यावर जनावर लगेच कुरणातून नवे जंत घेते, तर लशीचा उपयोग कुरणावर पडणारी अंडी संपूर्ण हंगामभर कमी ठेवण्यासाठी असतो. हिमॉन्कसची एक मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. हा ओघ सतत निम्म्यावर राहिला तरी पुढच्या पिढीतील अळ्या कमी होतात आणि वासरांना झेपेल एवढीच बाधा होऊन त्यांची स्वतःची प्रतिकारशक्तीही घडत जाते. औषधांना न जुमानणारे जंत आता अनेक देशांत आढळतात. १९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन आले तेव्हा ते जवळजवळ सर्व गोलकृमींवर चालत होते, आज गुरांमधील कूपेरिया त्याला अनेक ठिकाणी दाद देत नाही. म्हणून अपुऱ्या वाटणाऱ्या लशीचेही मोल मोठे आहे.

तोवर सरसकट सर्व जनावरांना औषध पाजण्याऐवजी शेण तपासून, प्रामुख्याने पहिल्या हंगामात चरणाऱ्या वासरांवर लक्ष ठेवून आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वजनाप्रमाणे पूर्ण मात्रा देऊन औषधांचे आयुष्य वाढवणे आपल्या हाती आहे. पुढे अशा लशीची बातमी वाचाल तेव्हा तिच्यातील प्रथिन जंतापासून काढलेले आहे की प्रयोगशाळेत घडवलेले, हे आधी पाहा. वासरांना गोठ्यात एकदाच अळ्या पाजून चाचणी झाली की ती संपूर्ण हंगाम कुरणावर चरत होती, तसेच एकाच जातीच्या जंतावर परिणाम मोजला की मिश्र बाधेत, हेही तपासा. गोठ्यातील एकाच बाधेवर मिळालेले यश कुरणावरच्या रोजच्या मिश्र बाधेत टिकेलच, असे गृहीत धरता येत नाही.