वाचक विचारतात : ठासणीची बंदूक आधी पाण्याने धुवा, मग तेलाला हात लावा

जागलीचा (रात्री पीक राखण्याचा) हंगाम सुरू झाला की ठासणीच्या बंदुकीबद्दलची पत्रे वाढतात. खालची पत्रे पीक संरक्षणाचा परवाना असलेल्या वाचकांची आहेत, मजकूर थोडा आटोपशीर केला आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. रानडुक्कर असो की रोही (नीलगाय), त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

प्रश्न : धानाच्या वावरात रात्री डुकरे हाकलायला दोन-तीन बार काढले. सकाळी नळी घासलेटने पुसली आणि वरून तेल दिले. आठ दिवसांनी गजाला चिंधी बांधून फिरवली तर तांबडी भुकटी निघाली. तेल दिलेले असताना जंग लागलाच कसा?
— एक शेतकरी, कुरखेडा तालुका

वाटीभर घासलेटात चिमूटभर मीठ टाका आणि ढवळा. मीठ तळाशी जसेच्या तसे राहील. तुमच्या नळीतही हेच झाले.

काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होत नाही, घनच राहतो. त्यातला काही धुराबरोबर बाहेर जातो, उरलेला नळीच्या आत थर धरून बसतो. या थरात कोळशाबरोबर पोटॅशियमचे क्षार असतात: कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, आणि धानाच्या वावरात रात्री ओलाव्याला काय तोटा? घासलेट, डिझेल, मोटारीचे तेल यांत हे क्षार विरघळत नाहीत. वरून तेल दिले की क्षाराचा थर तेलाखाली झाकला जातो आणि काळा चिकटा तयार होतो. त्याच्याखाली लोखंड खात राहते. टोपीत (घोडा आपटताच पेटून दारूला आग देणाऱ्या छोट्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असेल तर भर पडते ती पोटॅशियम क्लोराइडची. ते मिठाच्याच जातीचे, आणि ते निपलच्या (टोपी बसते त्या पोकळ बोंडाच्या) आसपास जास्त साचते. हे सगळे क्षार पाण्यात मात्र चटकन विरघळतात.

धुण्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, आणि ती डोळ्यांनी नव्हे, गजाने. बंदूक रिकामी असल्याचे पक्के माहीत असेल तेव्हा गज तळापर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी गजावर चाकूने बारीक खाच करा. पुढे कधीही गज घातल्यावर ती खाच तोंडापेक्षा वर दिसली, तर आत भार आहे किंवा काहीतरी अडकले आहे. आत भार असेल तर टोपी काढा, तोंड सुरक्षित दिशेला धरा, नळीत पाणी ओता आणि दारू पूर्ण भिजू द्या. त्यानंतरच गजाला काढणीचा स्क्रू लावून बूच आणि छर्रे बाहेर काढा. कोरड्या भाराला स्क्रू लावायचा नाही. तेल ओतून दारू निकामी होते यावरही विसंबू नका.

आता धुणे. एक लिटर कोमट पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे चार-पाच थेंब टाका. उकळते पाणी घेण्याची जुनी पद्धत आहे. त्याने नळी तापून लवकर वाळते हे खरे, पण वाळता वाळताच आत केशरी पापुद्रा धरतो. कोमट पाण्याने काम तेवढेच होते. निपल त्याच्या पान्यानेच काढा, पकडीने काढाल तर त्याचे कोपरे गोल होतील. निपल साबणपाण्याच्या वाटीत टाकून ठेवा.

नळी दस्त्यापासून पाचर काढून सुटी होत असेल तर काम सोपे. मागचे टोक बादलीतल्या पाण्यात बुडवा. गजाला जुन्या सुती लुगड्याची सुमारे पाच सेंटिमीटरची चौकोनी चिंधी लावा आणि पिचकारीसारखा वर-खाली करा. निपलच्या भोकातून पाणी आत ओढले जाते आणि बाहेर फेकले जाते. पहिले पाणी काजळासारखे काळे निघते आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तो सल्फाइडचा वास. (हातात चांदीची अंगठी असेल तर आधी काढून ठेवा, काळी पडते.) पाणी तीनदा बदला. चौथ्या वेळी ते मळकट राखाडीही दिसायला नको.

नळी खिळ्यांनी दस्त्यात पक्की असेल तर निपल जागेवरच राहू द्या. निपलवर चामड्याचा तुकडा ठेवून घोडा हळूच त्यावर टेकवा. कळीभोवती (घोडा चालवणाऱ्या यंत्रणेभोवती) कोरडे फडके गुंडाळा, नाहीतर पाणी लाकडात उतरेल. तोंडातून अर्धी वाटी पाणी ओता, तोंडावर अंगठा दाबा, नळी चार-पाच वेळा मागे-पुढे कलती करा आणि पाणी ओतून टाका. हे तीन-चार वेळा करा. मग ओल्या चिंध्या फिरवा. आठ-दहा तरी लागतात.

बऱ्याच नळ्यांत तळाशी दारूचे घर नळीपेक्षा अरुंद असते. चिंधीचे टोक तिथवर पोचतच नाही. वरून नळी आरशासारखी आणि तळाशी काळा गोळा, असे होते ते यामुळेच. त्या जागेसाठी गजाला बारीक ब्रश लावा.

शेवटी साध्या पाण्याने खंगाळा आणि चार-पाच कोरड्या चिंध्या फिरवा. नळी तोंड खाली करून पंधरा-वीस मिनिटे उन्हात उभी करा. चुलीवर शेकू नका. कोमट असतानाच शिलाई मशीनच्या तेलाचे आठ-दहा थेंब चिंधीवर घेऊन नळीत फिरवा. पहिली रात्र नळी तोंड खालीच ठेवा, म्हणजे जास्तीचे तेल दारूच्या घरात साचणार नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरी चिंधी फिरवून पाहा. केशरी छटा आली तर क्षार राहिले आहेत. पुन्हा पाणी, पुन्हा तेल. ही दुसऱ्या दिवशीची चिंधी बहुतेक जण टाळतात, आणि नळीत खड्डे पडतात ते इथेच.

जागलीवर धुणे शक्य नसेल तर निदान बाटलीतल्या पाण्याने दोन-तीन ओल्या चिंध्या फिरवा, मग एक कोरडी, मग तेल. हा इलाज सकाळपर्यंतचा.

प्रश्न : आमच्याकडे नळी राखेने घासायची रीत आहे. चालेल का? आणि बोअरचे पाणी खारट आहे, त्याने धुवावी की नाही?
— वाचक, दर्यापूर तालुका

राख नको. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणजे दारूच्या थरातून जो क्षार धुऊन काढायचा तोच तुम्ही पुन्हा चोळून घालता. शिवाय ती खरखरीत असते. कपड्यांची पावडरही टाळा, तिच्यातही क्षार असतात आणि एका खंगाळणीत ते निघत नाहीत.

खारपाणपट्ट्यात पाण्याचा प्रश्न खराच आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात बोअरचे पाणी वापरावे लागत असेल, तर पहिली तीन पाणी त्याच पाण्याची चालतील. दारूचा थर त्यानेही सुटतो. शेवटची खंगाळणी मात्र साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करा, किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड वॉटरने. अर्धा लिटर पुरते. ते नसेल तर आरओचे पाणी घ्या. (आपल्याकडे पातेल्यालाही गंज म्हणतात. खारे पाणी त्या गंजात राहू द्या, नळीत नको.)

प्रश्न : टोपी वाजते पण बार होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या टोपीला होतो. कधी कधी बार होताना घोडा आपोआप मागे उडतो.
— वाचक, आर्णी तालुका

या दोन वेगळ्या खोडी आहेत, पण दोन्हींचे मूळ निपलच्या आसपास आहे.

पहिली खोड बहुधा तेलाची. निपलच्या वाटेत किंवा दारूच्या घरात तेल साचले की टोपीची आग तिथेच विझते किंवा दारू तेलकट होते. भरण्याआधी नळीतून कोरडी चिंधी काढा. गज घालून नळी रिकामी असल्याचे पाहा आणि गज बाहेर काढून ठेवा. मग नळीचे तोंड मोकळ्या जमिनीवरच्या गवताच्या पात्याजवळ धरून नुसती टोपी वाजवा. पाते हलले तर वाट मोकळी आहे. हलले नाही तर दुसरी टोपी. तरीही हलले नाही तर निपल काढून भोकात बारीक तार घाला. पाते हलल्याशिवाय दारू भरू नका.

भरलेली बंदूक वाजली नाही तर ती तशीच सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. दबलेली आग उशिरा पोचते.

घोडा मागे उडतो तो निपलचे भोक झिजून मोठे झाल्यामुळे. नव्या निपलचे भोक साधारण 0.7 मिलिमीटरचे असते. प्रत्येक बाराला तापलेला वायू त्यातून मागे येतो आणि ते खाल्ले जाते. एक मिलिमीटरच्या जवळ गेले की वायूचा जोर घोडा उचलतो आणि टोपीचे तुकडे तोंडाकडे येतात. निपल बदला, ते झिजण्यासाठीच असते. नवे बसवताना आटे हाताने जुळवा, दोन-तीन वेढे बोटांनी बसल्यावरच पाना लावा आणि आट्यांना किंचित ग्रीस द्या. कोरडे बसवलेले निपल पुढच्या वेळी निघत नाही. निपल बदलूनही घोडा उडत असेल तर दारू जास्त पडते आहे किंवा घोड्याची स्प्रिंग मेली आहे. दारूचे माप कमी करा, स्प्रिंग परवानाधारक बंदूक कारागिराला दाखवा. गावच्या लोहाराकडे नेऊ नका. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि भट्टीत तापवलेली स्प्रिंग पुन्हा तशी होत नाही. नळीच्या तळाचा बूच-स्क्रू तर घरी कधीच उघडायचा नाही.

प्रश्न : मे महिन्यात दस्ता फाटल्यासारखा होतो. जवसाचे तेल लावले तर चालेल? तेच तेल कळीत आणि नळीत दिले तर?
— वाचक, भिवापूर तालुका

दस्त्याला जवसासारखे तेल नाही. कळीला आणि नळीला त्याच्याइतके वाईट नाही. कारण एकच आहे: जवसाचे तेल हवेत वाळून कातडीसारखे घट्ट होते. लाकडावर हवे ते हेच. घोड्याच्या कळीत मात्र त्याचा डिंक होतो आणि घोडा आळसावून पडतो. टोळीचे (मोहाच्या बियांचे) तेल वाळत नाही, पण थंडीत थिजते, तेही कळीत नको. तिथे शिलाई मशीनचेच तेल, घोड्याच्या धुरीला एक थेंब, स्प्रिंग जिथे घासते तिथे एक थेंब. जास्त दिले की ते लाकडात झिरपते आणि कळीभोवतीचे लाकूड काळे, मऊ पडते. मग स्क्रू धरत नाहीत. कळ उतरवताना घोडा अर्ध्यावर ठेवा आणि दोन्ही स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने सैल करा.

दस्त्याला तेल तळहातावर घेऊन चोळा. तळवा गरम होईपर्यंत चोळायचे आणि दहा मिनिटांनी जास्तीचे पुसून काढायचे. थर जाड राहिला की चिकट होतो आणि धूळ धरतो. कच्चे तेल वाळायला तीन-चार दिवस लागतात, उकळलेले साधारण दिवसात वाळते. असे दोन-तीन हात उन्हाळ्याच्या तोंडाशी द्या. आधीच पडलेली चीर तेलाने जुळत नाही. ती दस्त्याच्या मनगटाच्या जागी, म्हणजे हाताने धरायच्या अरुंद भागात असेल तर बंदूक वापरू नका.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आतल्या आत तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. घरात कापूस भरलेला असेल तर विचारच नको. चिंधी पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

प्रश्न : माझ्या नळीत आतून आटे (वळणदार खोबणी) आहेत. धुण्यात काही फरक?
— वाचक, मूल तालुका

पीक संरक्षणाच्या बंदुका बहुतेक गुळगुळीत नळीच्या असतात, म्हणून आधी परवान्यावर काय लिहिले आहे ते पाहा. धुण्याची रीत तीच. फक्त थर आट्यांच्या खोबणीत बसतो, म्हणून ओल्या चिंध्या दुप्पट लागतात आणि गजाची मूठ फिरती हवी, म्हणजे चिंधी आट्यांबरोबर वळते. गज तोंडाच्या कडेला घासू देऊ नका. तिथे आटे झिजले की नेम जातो. धुतलेल्या नळीतून चिंधी फाटून निघत असेल तर आत खड्डे पडले आहेत.

प्रश्न : निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. दोन-तीन महिन्यांनी परत मिळते तेव्हा नळी तांबडी झालेली असते.
— वाचक, आमगाव तालुका

जमा करण्याआधी वर सांगितल्याप्रमाणे धुवा. दुसऱ्या दिवशीची चिंधी पांढरी निघाली तरच द्या. पातळ तेल दोन महिने टिकत नाही, खाली उतरते. नळीच्या आत-बाहेर ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि तोंडाला सुती बोळा सैल लावा. घट्ट बूच नको, आतला ओलावा कोंडतो. स्पंजाचे किंवा चामड्याचे आवरण लावून देऊ नका, तेही ओलावा धरते. सुती कापडाची पिशवी बरी. पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक नीट उतरवला आहे का, ते तिथेच पाहा.

जंग लागून आली तर बाहेरून तेल आणि तांब्याच्या तारेचा ब्रश वापरा, पॉलिश पेपर नको. नळीवरचा क्रमांक घासून पुसट झाला तर शस्त्र कायद्याच्या कलम 8 खाली तुम्हीच अडचणीत याल.

बंदूक हातात आल्यावर पहिले काम गज घालून खाच पाहण्याचे. मग सगळे ग्रीस काढा. ग्रीस लावलेल्या नळीत भार भरू नका.