डोलकाठीच्या बुडाशी विहीर कशाला?

प्रश्न : शिडाच्या जुन्या जहाजांच्या नकाशात मुख्य डोलकाठीच्या बुडाशी फळ्या ठोकून चौकोनी विहीर केलेली दिसते, पंप तिच्यातच. मालाची एवढी जागा का अडवायची? लंडनच्या जुन्या सांडपाणी केंद्रांतही पंपांना वेगळ्या विहिरी होत्या म्हणे. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : लाकडी जहाज थोडंफार झिरपतंच. ते पाणी तळाला उतरतं, आणि तिथेच वजनासाठी टाकलेले गोटे, वर माल. फळ्यांचा आडोसा नसला तर हे सगळं पंपाच्या तोंडाशी येऊन बसणार. भर वादळात पंप तुंबला, तर माल वाचवून तरी काय करायचं? शिवाय जहाजाचा सुतार दर पाळीला दोरीला बांधलेली लोखंडी सळई खाली सोडायचा आणि किती इंच ओली झाली ते बघायचा. त्यालाही ती जागा मोकळी लागे.

मी मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये नोकरी केली. पोलादी जहाजातही हे चुकलं नाही. गहू भरायच्या आधी बिल्जच्या, म्हणजे तळाशी झिरपलेलं पाणी साठायच्या, खड्ड्याच्या झाकणावर गोणपाट बसवायचं. पाणी झिरपावं, दाणा अडावा. तरी आतली जाळीची पेटी उघडली की गंजाचे पोपडे, आंबलेला गहू, सुतळीचे गुंते आणि हमखास कुणाचा तरी हातमोजा!

लंडनचं क्रॉसनेस केंद्र 1865 मध्ये सुरू झालं. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटलाही नाक दाबायला लावलं, त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी आखलेल्या योजनेतलं हे. मैलापाणी वर उपसून टाकीत साठवायचं आणि ओहोटी लागली की नदीत सोडायचं. पंपांच्या वाटेवर लोखंडी जाळ्या होत्या. चिंध्या-लाकडं तिथेच अडवायची. जेम्स वॉट कंपनीच्या चार वाफेच्या इंजिनांना नावं दिली राणी आणि तिच्या घरच्यांची : व्हिक्टोरिया, प्रिन्स कॉन्सर्ट, अल्बर्ट एडवर्ड, अलेक्झांड्रा. आपल्याकडे मैला उपसणाऱ्या यंत्राला असं नाव द्यायला कोण धजावेल? यातलं प्रिन्स कॉन्सर्ट दुरुस्त करून पुन्हा वाफेवर चालवलंय.

विचारलं नाहीत, तरी सांगतो. अशा बंदिस्त विहिरीत हवा कुजते. पूर्वी दिवा खाली सोडून बघत. विझला तर प्राणवायू कमी. पण हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू दिव्याला कळत नाही, आणि प्रमाण वाढलं की नाकालाही वास येईनासा होतो. म्हणून आज आधी गॅसमीटर सोडतात. खाली कुणी कोसळला तर श्वसनयंत्राशिवाय मागोमाग उतरू नका. दुसरा बळी बहुतेक वेळा असाच जातो.