सात मात्रा आणि मंडईतली गर्दी

प्रश्न : मॅडम, मी वडसा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटर. बाबा आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतात, दोन एकर धानाची शेती आहे. मला चिपट्यूनचा नाद लागलाय. म्हणजे जुन्या व्हिडिओ गेममधून जे पिंग-पिंग आवाज यायचे, त्याच आवाजात गाणी बांधायची. लॅपटॉपवर त्यासाठीचं फॅमिट्रॅकर हे सॉफ्टवेअर आहे, मोबाइलवर गेमबॉयचा, म्हणजे हातात धरायच्या जुन्या गेमयंत्राची नक्कल करणारा, एम्युलेटर. यंदा मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेत, ऑर्केस्ट्रावाल्या दादांनी मला दहा मिनिटं दिली. आधी मी माझी स्वतःची रचना वाजवली, सात मात्रांच्या रूपक तालात. पोट्टे मोबाइल पाहत उभे राहिले. मग एका गाजलेल्या सिनेगीताची आठ-बिट आवृत्ती लावली, तर धूळ उडेपर्यंत नाचले. बाबा म्हणतात, लोकांना पाहिजे ते दे, नाहीतर पुढच्या सीझनला कोणी बोलावणार नाही. आई म्हणते, बी.एड. कर. मी लोकांसाठी बदलू का? आणि यात करिअर आहे का?

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं आणि सोबतच्या दोन्ही फायली हेडफोन लावून ऐकल्या. रूपकातली रचना तर चार वेळा. करिअरचं थोडक्यात सांगता येतं, म्हणून ते आधी सांगते. नुसत्या चिपट्यूनवर घर चालेल, असं मी तुला सांगणार नाही. परदेशातसुद्धा त्यावरच पोट भरणारे फार थोडे आहेत. पण चिपट्यून करताना तुझ्या हाताला जे वळण लागतंय, त्याला काम आहे. ते कुठे, ते पुढे सांगते. आधी मंडईचं बोलू, कारण तुझं मन तिथे अडकलंय.

तू लिहितेस, लोकांना माझं संगीत कळलं नाही. मला तसं वाटत नाही. तुझ्या रचनेत एक जागा आहे, तिथेच ते निसटले. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'च्या जागी येते, हे तुझ्या बाबांना विचारलंस तर ते झोपेतही सांगतील. तिं तिं ना, धीं ना, धीं ना. पहिल्याच मात्रेला डग्गा गप्प. बैठकीत हे गोड लागतं, कारण तबलजीचा हात डोळ्यांना दिसतो, गाणाऱ्याची मान हलते, सम कुठे आहे ते शरीराला कळतं. तू मात्र एका मोबाइलवर बोटं फिरवत उभी होतीस. बेस चौथ्या आणि सहाव्या मात्रेला येतोय, पहिल्या मात्रेवर काहीच नाही, आणि हे सगळं मंडईच्या भोंग्यातून! समोरच्याने पाय कुठे टाकायचा? सिनेगीताची चाल त्याच्या अंगात आधीपासून होती, त्याला सम शोधावी लागली नाही. एवढाच फरक.

म्हणून सात मात्रा सोडू नकोस. पहिली चार आवर्तनं खरखरीच्या आवाजाच्या नॉइज चॅनेलवर समेला एक ठोका दे, कोरडा, ढोलकीच्या टिपेसारखा. लोकांचा पाय एकदा बसला की पाचव्या आवर्तनाला तो ठोका काढून घे. आता ती रिकामी जागा त्यांना ऐकू येईल, कारण तिथे काहीतरी होतं हे त्यांना ठाऊक असेल. तुझी कला त्या रिकाम्या जागेत आहे, ती तशीच राहू दे. फक्त तिथपर्यंत माणसाला हात धरून न्यायला हवं.

दुसरी गोष्ट आवाजाची. तू मुख्य चाल साडेबारा टक्के ड्यूटीच्या, म्हणजे अगदी अरुंद, पल्स लहरीवर आणि तीही वरच्या सप्तकात ठेवलीस. हेडफोनवर ते सुरेख लागतं. भोंग्यातून तोच आवाज कानात सुईसारखा जातो. चाल एक सप्तक खाली आण आणि पन्नास टक्क्यांच्या चौकोनी लहरीवर ठेवून पाहा. तू फिजिक्सवाली आहेस, चौकोनी लहरीत फक्त विषम हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या विषम पटीतले उपस्वर, असतात हे तुला माहीत आहे. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांतही विषमच ठळक असतात. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या माणसांना तो रंग ओळखीचा वाटेल. साउंडवाल्या दादाला आधी अर्धा तास भेट, ट्रेबल उतरवायला सांग. या अर्ध्या तासाची लाज वाटू देऊ नकोस. तोही वाजवण्याचाच भाग आहे.

आता तुझा मोठा प्रश्न, लोकांसाठी बदलू का. या आवाजाचा जन्मच या प्रश्नातून झालाय, म्हणून थोडं मागे जाते. लहानपणी पवनीला मामाकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, पिवळ्या कॅसेटींचा. तो १९८३ साली जपानात निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होता, हे मला फार उशिरा कळलं. त्या यंत्रात आवाजाच्या पाच वाटा, म्हणजे चॅनेल : दोन पल्स, एक त्रिकोणी, एक नॉइज आणि एक छोट्या नमुन्यांची. त्रिकोणी वाटेला तर आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही. १९८९ च्या गेमबॉयमध्ये चारच वाटा. संगीताला मेमरी मिळायची ती चिमूटभर. आणि अट अशी, की पोरगं एकाच पायरीवर तासभर अडकलं तरी त्याला त्या चालीचा वैताग येऊ नये. कोजी कोन्दो यांनी १९८५ साली सुपर मारिओसाठी केलेली चाल आजही लोक गुणगुणतात. त्यांना लोकप्रिय व्हायचं होतं की कलावंत, असा प्रश्नच तिथे नव्हता. चाल खेळणाऱ्याच्या कामाला यायला हवी होती, आणि चार-पाच धाग्यांतच विणायला हवी होती.

त्या अडचणीतूनच युक्त्या निघाल्या. एका वाटेवर एका वेळी एकच स्वर वाजतो, मग कॉर्ड कशी लावायची? तीन स्वर इतक्या झपाट्याने फिरवायचे की कानाला ते एकत्र भासावेत. तू फॅमिट्रॅकरमध्ये ०४७ लिहितेस, म्हणजे मूळ स्वर आणि त्याच्या चार व सात अर्धस्वर वरचे, ती मेजर कॉर्ड, ०३७ लिहितेस ती मायनर. तिनाने सुरू होणारा इफेक्ट म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. तुझ्या दुसऱ्या ओळीत तू त्याची जी मींड केलीस, तिथे मी थांबले. ते कोणी शिकवलं तुला? बाबांचा ऑर्गन तर मींड काढू शकत नाही. मला वाटतं, बाबांच्या बोटांना जे जमत नव्हतं ते तू घरात बसून ऐकत होतीस. ती मींड लोकांसाठी कधीही काढून टाकू नकोस.

गेमबॉयवर गाणी बांधायचं एलएसडीजे हे सॉफ्टवेअर वापरतेस ना? योहान कोटलिन्स्की यांनी केलेलं ते. त्यात एका फ्रेजला सोळा पायऱ्या असतात, म्हणजे आपला सोळा मात्रांचा तीनताल मांडूनच दिलाय. तुझा रूपक, मात्रेला दोन पायऱ्या धरून, चौदा पायऱ्यांवर बसतो आणि शेवटच्या दोन हॉपच्या कमांडने ओलांडाव्या लागतात. परदेशातला नवशिक्या सोळाच्या चौकटीतून लवकर बाहेर पडत नाही. तू पहिल्याच वर्षी पडलीस, ते तालाच्या घरात वाढल्यामुळे. हे तुझं भांडवल आहे आणि ते गावात राहून कमावलेलं आहे.

मंचावर हे संगीत नेणाऱ्यांनीही आपापले मार्ग काढलेत. अमेरिकेतल्या अनामानागुची या बँडने चिपच्या आवाजाला खऱ्या गिटारी आणि ड्रमची जोड दिली, समोरच्याला घाम गाळणारी माणसं दिसली. उत्तर आयर्लंडची चिपझेल गेमबॉयवर वाजवत आली आणि २०१२ च्या सुपर हेक्सॅगॉन या गेमच्या संगीतामुळे जगभर पोचली. दोघांनीही आवाज बदलला नाही. ऐकणाऱ्याला आत शिरायला दार ठेवलं.

दाराचं म्हणशील तर लांब जायला नको. तुकडोजी महाराजांच्या हातात काय होतं? खंजिरी. त्या एवढ्याशा वाद्यावर त्यांनी गावंच्या गावं बसवून ठेवली आणि सांगितलं ते मात्र स्वतःचंच. गावाला ऐकायला आवडेल तेवढंच सांगून ते थांबले नाहीत. मोझरीला त्यांच्या आश्रमात कधी गेलीस तर हे डोक्यात ठेवून भजन ऐक, ठेक्याकडे लक्ष दे.

तुझे बाबा चुकीचं सांगत नाहीत. झाडीपट्टीत तिकीट काढून आलेला माणूस रात्रभर थंडीत बसतो, त्याचं देणं लागतं. पण बाबा जे बोलतात आणि बाबा जे करतात, यात फरक आहे, तो पाहा. नाटकात गाण्याला टाळ्या येतात तेव्हा ते लोकांचं वाजवत असतात. बाप मेल्याच्या प्रसंगात, सगळे गप्प असताना, ते जे दोन स्वर धरून ठेवतात ते कोणी मागितलेले नसतात. एका रात्रीत दोन्ही असतं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवर आयुष्य घातल्याबद्दल. हसवणं आणि प्रबोधन एकाच पडद्यामागून करता येतं, हे आपल्या झाडीत वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून माझी सूचना आहे की मंडईची ती दहा मिनिटं तुझी खरी जागा मानू नकोस. तिथे लोक फिरायला आलेले असतात. नाटकाचा पडदा उघडण्याआधी लोक येऊन बसलेले असतात, मोकळे असतात, त्या वेळात पाच मिनिटं माग. शिवाय प्रवेश बदलताना, खलनायक येताना, स्वप्नाच्या प्रसंगात तुझे आवाज घालता येतील का, ते कंपनीच्या मालकांना विचार. या सीझनला एकाच नाटकाचं काम घे, पण पूर्ण नाटकाचं. मेहनताना कमी मिळाला तरी चालेल, मात्र जाहिरातीच्या पत्रकात नाव छापून घे. प्रसंगाला संगीत बांधणं ही गेमच्या आणि सिनेमाच्या संगीताची पहिली पायरी आहे, आणि ती तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

सिनेगीतांच्या आवृत्त्यांबद्दल दोन गोष्टी. मंचावर एखादी वाजव, लोकांचा आनंद खोटा नसतो. पण यूट्यूबवर टाकशील तर चाल दुसऱ्याची आहे, आठ बिटांत उतरवली म्हणून ती तुझी होत नाही. त्या व्हिडिओचे पैसे हक्क असलेल्या कंपनीकडे जाऊ शकतात, व्हिडिओ काढलाही जाऊ शकतो. शंभर आवृत्त्या केल्यास तरी तुझ्या नावावर काही जमा होत नाही. स्वतःच्या रचना मात्र साठत जातात. पुढे त्या वाजू लागल्या की संगीतकार म्हणून आयपीआरएसचं सभासदत्व घ्यायचं. ही संस्था १९६९ पासून संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करते.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी कीबोर्ड वाजवणाऱ्या एका मुलाला मी सांगितलं होतं, आधी नोकरी पक्की कर, वाजवणं नंतर. त्याने ऐकलं. नोकरी लागली, वाजवणं राहिलं ते राहिलंच. मागच्या वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, मॅडम, बोटं आता वळत नाहीत. तेव्हापासून मी "नंतर" हा शब्द कोणाला सांगत नाही. दोन्ही एका आठवड्यात बसवायचं, भले संगीताला रोज एकच तास मिळो.

तर तुझं बी.एस्सी. पूर्ण कर, चांगल्या गुणांनी. पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म संस्थेत पदवीनंतर ध्वनिमुद्रण आणि ध्वनिसंयोजनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, आणि त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र लागतं. ते तुझ्याकडे आहे. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कितीतरी मुलांकडे ते नसतं. कोलकात्याच्या सत्यजित रे फिल्म संस्थेतही ध्वनीचा विभाग आहे. दोन्हीकडे जागा मोजक्या असतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचायची. दुसरी वाट गेमची. पुणे, बेंगळुरू, हैदराबादला गेमच्या कंपन्या आहेत, तिथे आवाज करणारा आणि तो गेममध्ये बसवणारा अशी दोन्ही कामं जाणणारा माणूस लागतो. एफमॉड आणि वाईज ही गेममध्ये आवाज बसवायची सॉफ्टवेअर शिकण्यासाठी फुकट मिळतात, तुझं कॉम्प्युटर इथे कामाला येईल. इच.आयओ या गेमच्या वेबसाइटवर गेम जॅम चालतात. दोन-तीन दिवसांत कोणी गेम बनवतं, त्याला संगीत देणारा हवा असतो. पैसे नसतात, पण तीन पुरे झालेले गेम दाखवता आले की तुला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. सुरुवातीला वर्षात तीनच कर.

बी.एड.बद्दल आईला माझा निरोप दे. त्या काळजीने बोलताहेत आणि ती वाट वाईट नाही. पदवीच्या निकालापर्यंत हा निर्णय थांबू शकतो, आज घ्यायची गरज नाही. तोवर गांधर्व महाविद्यालयाच्या संगीत परीक्षाही देत राहा. शाळेत संगीत शिकवायचं ठरलं तर विशारद उपयोगी पडतं.

आणि वाजवताना मान वर कर. एलएसडीजेच्या लाइव्ह मोडमध्ये चॅनेल एकेक करून आत-बाहेर करता येतात. ते करताना मोबाइल छातीपाशी न धरता लोकांना दिसेल असा धर. शक्य झालं तर पुढे एखादा खरा गेमबॉय घे, जुना, चार पेन्सिल सेलवर चालणारा. वीज गेली तरी तो वाजत राहतो, आपल्याकडे हेही महत्त्वाचं. पण त्यासाठी कर्ज काढू नकोस, घाई नाही.

समेवर ठोका घातलेली रूपकाची नवी फाइल मला पाठव. आणि बाबांना ती माझ्याआधी ऐकव, भोंग्यावर, हेडफोनवर नाही. ते ऑर्गनवर कुठे साथ धरतात ते लिहून कळव, तिथून पुढच्या पत्रात बोलू.