हीटर घेण्याआधी थोडं ऐक

सोलापुरात तुझा हा पहिलाच हिवाळा, म्हणून सांगतो. हीटर घेऊ नकोस. दोन हजार वॅटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, आणि आपल्याकडे थंडी ती केवढी! दुपारी घाम, पहाटे हुडहुडी. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत काढायचं, बस्स.

दुपारचं ऊन घरात साठव. दक्षिणेच्या खिडक्या दहा ते चार सताड उघड्या ठेव. ऊन उतरलं की लगेच बंद. मी पहिल्या वर्षी रात्री नऊला बंद करायचो, मग पहाटे कुडकुडायचो. दाराखालच्या फटीला जुन्या लुगड्याची गुंडाळी लाव.

शहाबादी फरशी पायातून गारठा चढवते, सतरंजी अंथर. पांघरायला एक जाड ब्लँकेट घेण्यापेक्षा दोन सोलापुरी चादरी एकावर एक घे, मधे हवा अडकते, तीच ऊब देते. खाली वाकळ हवीच. अंगाखालून लागणारी थंडी लोक विसरतात. चादरी, वाकळ दुपारी गच्चीवर टाक, संध्याकाळी गरम असतानाच घडी घाल.

शेगडी मात्र बंद खोलीत पेटवून झोपू नकोस. कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.