मंडळीने (चर्चने) इस्राएलची जागा घेतली आहे का? करारवादी आणि डिस्पेन्सेशनल मतांत नेमका फरक काय?

वादाचं मूळ एकच: अब्राहामाला दिलेली वचनं कोणाची?

करारवादी, म्हणजे बायबलकडे देवाच्या करारांच्या चौकटीतून पाहणारे (वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रक, अध्याय 7), म्हणतात, पतनानंतर (आदामाच्या पापानंतर) कृपेचा करार एकच, म्हणून देवाची प्रजाही एकच. मंडळी इस्राएलची जागा घेत नाही, त्याच झाडावर वाढते. बालबाप्तिस्मा यातूनच येतो, सुंतेच्या जागी. पण 1689 चं बॅप्टिस्ट विश्वासपत्रक करारवादी असूनही तो नाकारतं, त्यामुळे दोन्ही गोष्टी एक समजू नका.

डिस्पेन्सेशनल मत इस्राएल आणि मंडळी वेगळी मानतं; जॉन नेल्सन डार्बीची ही मांडणी 1909 च्या स्कोफिल्ड बायबलमुळे (टिपांसह छापलेलं बायबल) घरोघरी गेली. त्यानुसार मंडळी पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी) सुरू झाली आणि भूमीची, राज्याची वचनं इस्राएल राष्ट्रालाच अक्षरशः मिळतील. महासंकटाआधी (शेवटच्या काळातल्या मोठ्या संकटाआधी) मंडळी वर स्वर्गात घेतली जाते ती म्हणूनच.

या मताची खरी अडचण इब्री 8 मध्ये आहे. यिर्मया 31 मधला नवा करार 'इस्राएलच्या घराण्याशी' आहे, तरी पत्रलेखक तो ख्रिस्ताच्या याजकपणाशी जोडून विश्वासणाऱ्यांपुढे ठेवतो. करारवाद्यांनीही रोम 11:28-29 टाळू नये: अविश्वासी इस्राएल तिथे पूर्वजांमुळे अजून प्रिय आहे. रोम 9 ते 11 सलग वाचा. 11:26 ('सर्व इस्राएलाचं तारण होईल') एकटं उचललं की दोन्ही बाजू घसरतात.